सारसाचा पाहुणा

सरांच्या कार्यक्रमाला एकही मोठा माणूस कधी आला नाही, असं गोंदियात आजही सांगतात. सांगताना हसतात. सर मागच्या वर्षी गेले, तर तेरवीच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी म्हणालंच, "आता वरती तरी भेटन म्हणा एखादा हिरो." पंगत हसली. मी पानावर मान घालून जेवत राहिले.

ते खरं नाही. एक आला होता.

मी तेव्हा गोंदियातल्या एका लोकल केबल चॅनलवर एडिटिंग करायचे. चॅनल म्हणजे एका कापड दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. दिवसभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, कोचिंग क्लासच्या जाहिराती, दुर्गा विसर्जनाची मिरवणूक आणि रविवारी दुपारी सरांचा बाहुल्यांचा कार्यक्रम. माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखालच्या एका गावातलं. नोकरीसाठी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात खोली केली होती आणि सरांचं घर माझ्या खोलीमागच्या गल्लीत होतं. त्यामुळे ऑफिसात दिसायचे तेच सर सकाळी दूध आणायला जातानाही दिसायचे आणि दोन्हीकडे त्यांच्या अंगात उजवी बाही कापलेला शर्ट असायचा.

ही बाही म्हणजे सरांची ओळख. ते शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाल्यावर बाहुल्यांच्या नादाला लागले आणि उजव्या हातात बाहुली सरसर चढावी म्हणून त्यांनी आपल्या झाडून सगळ्या शर्टांची उजवी बाही खांद्यापासून कापली. लग्नाचा, स्वेटरच्या आतला, सासरच्यांनी दिलेला, सगळे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळावर हात मारून घेत. लग्नकार्यात सर त्याच अवतारात उभे असत, डावा हात झाकलेला, उजवा उघडा.

त्या उजव्या हातात सारस राहायचा. आमच्या जिल्ह्यात सारस म्हटलं की लोक मान वर करून शेताच्या बांधीकडे बघतात. धानाच्या चिखलात जोडीनं फिरणारा, माणसाएवढा उंच पक्षी. सरांचा सारस राखाडी कापडाचा होता, मान म्हणजे सरांचा कोपरापासूनचा हात आणि डोक्यावर लाल मोजा. त्याचं नाव दाजी. कार्यक्रमात दाजी आमच्या भागातल्या झाडीबोलीत बोलायचा, अडलं की गोंदियाच्या हिंदीत शिरायचा. सरांचा स्वतःचा आवाज बारीक आणि अडखळता होता; दाजीचा मात्र भरदार, जरा उद्धट. कठीण काही बोलायचं झालं की सर दाजीला पुढे करत. बँकेत, रेशनच्या दुकानात, डॉक्टरकडेसुद्धा. घरी भांडण झालं की काकू सरांशी अबोला धरत आणि दाजीला विचारत, "तुमच्या मालकाले विचारा, भाजी कोणती करू?" दाजी सांगे, "वांगे करा म्हणते."

कार्यक्रमात दाजीच्या समोर एक खुर्ची असे. पाहुण्याची. तिच्यावर बसायला आमच्याकडे माणसं कमी नव्हती; शहरातले डॉक्टर, ठाणेदार, पोवार समाजाचे पुढारी, सगळ्यांनी इच्छा दाखवून झाली होती. सर कोणालाच बसू देत नसत. मी एकदा विचारलं, "काऊन असं, सर?"

"टीव्हीतले लोक बोलतेत आन् आपण आयकतो," ते म्हणाले. "जनमभर आयकून राहिलो. आपण काही विचारलं तं त्याइले आयकूच जात नाही. एकदा तरी त्याइच्यातल्या एकानं आपल्या पाखराले उत्तर द्यावं, बस. ठाणेदार तं मले रोजच उत्तर देते."

म्हणून जिल्ह्यात कोणी नावाजलेला माणूस येणार असं कळलं की सर स्कूटर काढून निघत. आमंत्रण स्वतः देत नसत, दाजी द्यायचा. एक क्रिकेटपटू शोरूमच्या उद्घाटनाला आला. गर्दीतून हातभर लांब मान पुढे आली आणि म्हणाली, "का जी, येता का आमच्या घरी गप्पा माराले?" क्रिकेटपटूच्या बरोबरचा माणूस म्हणाला, "सर बच्चों के साथ करते हैं, पक्षियों के साथ नहीं." एका मंत्र्याच्या पीएनं प्रश्न आधी मागितले. सरांनी कळवलं, दाजी विचारणार आहे की तळी बुजवून तुम्ही प्लॉट पाडता, मग आम्ही अंडी कुठं घालायची. साहेबांना वेळ नव्हता. एक विनोदी नट कबूल झाला आणि नागपूरहून येताना गाडीत झोपला. ड्रायव्हरनं उठवलं नाही, गाडी सरळ पुढे रायपूरला गेली. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत केशोरीला नाटकासाठी मालिकेतली एक नटी आली होती. ती खरंच निघाली, आमच्या जिन्यापर्यंत आली. वरून दाजीनं प्रेमानं मान वाकवून "या बाई" म्हटलं आणि ती किंचाळून गाडीत जाऊन बसली. तिला लहानपणापासून पक्ष्यांची भीती होती.

सर कोणावरच चिडले नाहीत. "नाही म्हणासाठी त्याइले विचार तं करा लागला न," एवढंच म्हणत. आणि रविवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे करत. दाजी रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारी, उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबे, मान हलवी, पुढचा प्रश्न विचारी. लहान पोरांना ते फार आवडायचं. घरोघरी ती मोठ्यानं उत्तरं द्यायची. कॉलेजची पोरं मात्र त्याचे तुकडे कापून मोबाइलवर फिरवत. खाली लिहीत, आजचे पाहुणे, हवा. चॅनलचे मालक, ज्यांना आम्ही भैया म्हणत असू, तेही हसत. "चलने दो, लोग देखते हैं," म्हणत.

मग त्या नवरात्रात तो नट आला.

नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्हाला आठवणार नाही. चेहरा दाखवला तर आठवेल. एके काळच्या हिंदी सिनेमांत हिरोचा मोठा भाऊ, इमानदार इन्स्पेक्टर, दुसऱ्या भागात मरणारा मित्र. गोंदियातल्या एका गरब्याच्या मंडळानं त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तो येऊन हॉटेलात उतरला आणि दुपारी मंडळाला एक तरुण नटी मिळाली. मग त्याच्याकडे कोणी फिरकलंच नाही. सरांना हे कळलं तसे ते मला घेऊन हॉटेलात गेले. लॉबीत तो एकटा बसला होता, रेशमी कुर्ता घालून, तयार होऊन. दाजीनं मान पुढे केली. "का जी, येता का आमच्या घरी गप्पा माराले?"

त्यानं सरांकडे बघितलंच नाही. दाजीकडे बघितलं, उभा राहिला आणि नमस्कार केला. "आइए जी. आपका शुभ नाम?"

"दाजी."

"दाजी, आपने बुलाया और हम न आएँ?"

तो सरांच्या स्कूटरवर मागे बसून आला. मध्ये दाजी, खांद्यावरून मान काढलेला. मी माझ्या गाडीवर मागून येत होते. पुलावर लोक वळून बघत होते आणि तो म्हातारा नट डावी-उजवीकडे हात हलवत होता. सरांची पाठ मी इतकी ताठ कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी ऑफिसात कॅमेरा मीच धरला. सर नेहमीप्रमाणे टेबलाखाली बसले, मान खाली, हात वर. नट खुर्चीत बसला. आधी सिनेमाच्या गमती झाल्या. दाजीनं विचारलं, प्रत्येक सिनेमात मरून मरून कंटाळा नाही आला काय? तो मनापासून हसला. मग दाजीनं आमच्याकडे कोणीही कोणालाही विचारतं तोच प्रश्न विचारला, "घरी कोण कोण हाये जी?"

नटानं कुर्त्याची बाही नीट केली.

"एक बेटा है," तो म्हणाला. "बाहर रहता है. मुझसे बात नहीं करता, दाजी."

"काऊन जी?"

"जिस दिन उसकी माँ गई, मैं अस्पताल नहीं पहुँचा. सबसे कह दिया, शूटिंग थी. शूटिंग कहाँ थी? उस साल तो मेरे पास काम ही नहीं था. मैं नीचे था. अस्पताल के नीचे, गाड़ी में, सुबह से. ऊपर जाकर उसका चेहरा देखने की हिम्मत नहीं हुई. बेटा नीचे उतरा, दवाई की दुकान तक गया. मेरे शीशे के पास से गया, दाजी. मैंने सिर झुका लिया."

तो रडू लागला. हुंदके देत, नाक पुसत, सिनेमात कधीच रडला नव्हता तसा. दाजी हलला नाही. मग हळूच ती कापडी मान पुढे झाली आणि त्याच्या गुडघ्यावर टेकली. नटानं दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलं आणि दाजीच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "बेटा, माफ कर दे."

जाताना तो फार हलका झालेला दिसत होता. जिन्यात मला म्हणाला, "अच्छा हुआ. बहुत अच्छा हुआ."

भैयांनी रेकॉर्डिंग कॅमेऱ्यावरच पाहिलं आणि टाळी दिली. "सर, कमाल हो गया! ये रोनेवाला टुकड़ा आज ही डालते हैं. सारस के सामने हीरो रोया. पूरा इंडिया देखेगा."

सर म्हणाले, "नाही."

"क्या नाही?"

सर दाजीला पुढे करतील असं मला वाटलं. पण दाजी टेबलावर पडला होता. सर स्वतःच्या बारीक आवाजात बोलले. "तो पाखराशी बोलला, भैया. माणसाले सांगता नाही आलं म्हणून पाखराले सांगितलं. हे बाजारात नाही न्यायचं. लोकं त्याच्या रडण्याले गाणं लावतीन. मले माहीत हाये काय करतेत ते."

भैया आधी हसले, मग समजावू लागले, मग ओरडले. सरांनी माझ्या हातातल्या कॅमेऱ्यातून कार्ड काढलं, बाहुल्यांचं कापड कापायची मोठी कात्री घेतली आणि कार्डाचे दोन तुकडे केले. फार शांतपणे केले. शाळेत पोरांना कागद कापायला शिकवत असतील तसे.

त्याच संध्याकाळी कार्यक्रम बंद झाला. सर दाजीला काखेत घेऊन जिना उतरले. मी खालपर्यंत गेले. वाईट वाटतं का, असं विचारलं तर म्हणाले, "कायले? पाहुणा तं आला न." खरंच, त्यांच्या तोंडावर एक समाधान होतं. गोंदियातले लोक काही का म्हणेनात, आपण एका माणसाची लाज राखली, हे त्यांना पुरत होतं.

ते फार दिवस पुरलं नाही. नवरात्र संपलं आणि ऑफिसात नटाचा फोन आला. "बेटी, मेरा वाला कब आएगा?"

तो उत्साहात बोलत होता. बिल्डिंगच्या वॉचमनला सांगितलंय, खालच्या केमिस्टला सांगितलंय, रोज मोबाइलवर तुमचं चॅनल लावून बसतो. "और बेटे को चैनल का लिंक भेजा है. बरसों बाद उसका जवाब आया. लिखा है, देखूँगा."

मी त्याला थांबायला सांगितलं, सरांच्या घरी गेले आणि तिथून फोन लावून दिला. सरांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. लोकांपासून जे लपवायला हवं असं त्यांना वाटलं होतं, तेच दाखवायला तो माणूस स्कूटरवर बसून आला होता. पाखराशी तो बोललाच नव्हता. पाखराच्या पाठीमागे लावलेल्या कॅमेऱ्यातून तो एकाच माणसाशी बोलत होता.

सरांना तेव्हा खरं सांगता आलं नाही. म्हणाले, "साहेब, रेकॉर्डिंग खराब निघाली. मशीन बिगड गयी थी."

पलीकडे नट हसला. "समझ गया, मास्टरजी. अच्छा नहीं था न? कोई बात नहीं. पहले भी काटा गया हूँ. बस, दाजी के यहाँ कट जाऊँगा, ये नहीं सोचा था."

"नहीं साहेब, तुमी परत या, मी गाडी पाठवतो, आपण पुन्हा..."

"वो दोबारा नहीं होता, मास्टरजी."

त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही. सर रोज लावत. शेवटी एक दिवस दाजीला पिशवीत घालून ते मुंबईला गेले. जन्मात पहिल्यांदा. पत्ता शोधून त्या बिल्डिंगखाली पोचले आणि वॉचमनला म्हणाले, साहेबांना सांगा, गोंदियाहून दाजी आला आहे. वॉचमननं वर फोन केला, खाली ठेवला आणि सांगितलं, "साहब बोलते हैं, वो किसी दाजी को नहीं जानते." सर दिवसभर फाटकासमोर उभे राहिले. दाजीला पिशवीतून बाहेर काढून, मान उंच करून, वरच्या खिडक्यांकडे बघत. शाळेतून आलेली पोरं भोवती जमली, दाजीला बोल म्हणाली. सरांनी त्यांना सांगितलं, हा आज मुका हाये.

परत आल्यावर ते पहिल्यासारखे राहिले नाहीत. काकू म्हणायच्या, घरात दोन माणसं बोलायची, आता एकही बोलत नाही. त्यांनी बाजारातून पूर्ण बाह्यांचे शर्ट आणले. लोकांना वाटलं, बरं झालं, मास्तर ताळ्यावर आला.

हिवाळ्यात नट गेला. बातम्यांत खालच्या पट्टीवर नाव फिरलं, त्याच्या मरण्याचे जुने दोन सीन दाखवले. मी सरांकडे गेले तर टीव्ही सुरू होता, पण आवाज बंद केलेला.

त्यानंतर काही दिवसांनी नटाच्या मुलाचा फोन आला. चॅनलच्या नंबरवर, मीच उचलला. सभ्य, थकलेला आवाज. वडिलांनी गोंदियात मुलाखत दिली होती, ती मिळेल का? "पापा ने लिखा था, उसमें मेरे लिए कुछ कहा है."

मी म्हटलं, ज्यांनी मुलाखत घेतली त्यांच्याशी बोला. आणि पुन्हा कुडव्याला गेले. आता मला त्या घरात फोन घेऊन जायची भीती वाटत होती.

सर अंगणात बसले होते. फोन हातात घेतला आणि यावेळी काही लपवलं नाही. कार्ड आपणच कापलं, असं सांगितलं. काऊन कापलं, तेही. मग आपल्या तुटक्या हिंदीत त्यांनी त्या दुपारची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. अस्पताल, गाडी, दवाईची दुकान. एक शब्द सोडला नाही. मी फोन स्पीकरवर लावला होता.

"हाँ," मुलगा म्हणाला. "दवाई लेने उतरा था मैं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "मैंने मान लिया था कि वो शूटिंग पर थे. इतने साल लगे मानने में. अब आप कहते हैं, नीचे बैठे थे."

"त्याइनं माफी मांगी जी. माफ कर दे बोले. मैं कसम खाके बोलता हूँ."

"आपने उनका चेहरा देखा? बोलते वक्त?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी ते टेबलाखाली होते, मान खाली घालून. त्यांनी नटाचा चेहरा पाहिलाच नव्हता. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी स्पीकर बंद करून तो कानाला लावला.

"मैंने देखा," मी म्हटलं. "मैं कैमरे पर थी. वो रो रहे थे. बहुत."

"वो तो जब चाहे रो लेते थे, दीदी. ग्लिसरीन भी नहीं लगता था. बचपन में मुझे करके दिखाते थे, हँसाने के लिए. इसीलिए पूछ रहा हूँ. सच में रो रहे थे?"

"सच में."

"आपको कैसे पता?"

मला माहीत होतं. पण कसं माहीत होतं, हे सांगायला त्या दुपारचं काहीच माझ्याजवळ नव्हतं. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, धन्यवाद म्हणाला आणि फोन ठेवला.

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. "पटलं काय वो त्याले?"

"हो सर," मी म्हटलं. "पटलं."

निवृत्तीनंतरचा सरांचा सगळा काळ खऱ्याखोट्या आवाजांत गेलेला; माझा खोटा आवाज त्यांनी ओळखला असणार. त्यांनी मान हलवली, नव्या शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत ओढून बटन लावलं आणि आत काकूंना सांगितलं, पोरीसाठी चहा ठेव.